ट्रायकोमोनास संसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘अंगावरून पांढरं जातंय’ एवढंच सांगून बाई गप्प बसते. ‘लघवीला जळजळ होते’ एवढंच पुरुष सांगतो, तेही मेडिकलच्या काउंटरवर. या दोन वाक्यांमागे बऱ्याच वेळा ट्रायकोमोनास असतो. तो गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. तरीही घरात वर्षानुवर्षं टिकतो, कारण गोळ्या दोघांपैकी एकच जण घेतो.

ट्रायकोमोनास म्हणजे नेमकं काय?

ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस हा एकपेशीय परजीवी आहे. तो जिवाणू नाही, विषाणू नाही आणि बुरशीही नाही. आकार साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशीएवढा किंवा थोडा मोठा. पुढच्या टोकाला चार बारीक शेपट्या आणि अंगाला चिकटलेली पाचवी. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली तो झटके देत, डुचमळत पोहताना दिसतो. पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने या डॉक्टरांनी १८३६ साली तो पहिल्यांदा पाहिला.

तो बाईच्या योनीमार्गात, मूत्रमार्गात आणि तिथल्या छोट्या ग्रंथींमध्ये राहतो, तर पुरुषाच्या मूत्रमार्गात आणि कधी प्रोस्टेट ग्रंथीत. गर्भाशयाची पोकळी हे त्याचं नेहमीचं घर नव्हे. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल, लक्षात ठेवा.

हा आजार किती जणांना होतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये १५ ते ४९ वयोगटात जगभरात १५ कोटी ६० लाख नवे संसर्ग झाले. त्याच वर्षी क्लॅमिडियाचे १२ कोटी ९० लाख आणि परम्याचे, म्हणजे गनोरियाचे, ८ कोटी २० लाख होते. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि औषधाने बऱ्या होणाऱ्या आजारांत हा सगळ्यात जास्त आढळतो, आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो.

सार्वजनिक संडास, टॉवेल, पोहण्याचा तलाव यांतून होतो का?

व्यवहारात नाही. अमीबासारखे परजीवी शरीराबाहेर टिकण्यासाठी स्वतःभोवती कवच तयार करतात. ट्रायकोमोनासला ते जमत नाही. ओल्या कपड्यावर तो थोडा वेळ जिवंत राहू शकतो, पण वाळला की मेला. म्हणून तो जवळजवळ नेहमी शरीरसंबंधातूनच जातो: योनी आणि शिस्नाचा संपर्क, किंवा दोन स्त्रियांमध्ये योनीस्रावाचा संपर्क. एकच लैंगिक साधन न धुता दोघींनी वापरलं तरी जातो. मिठी, चुंबन, एका ताटात जेवणं यातून जात नाही. तोंडात आणि गुदमार्गात तो सहसा तग धरत नाही.

लक्षणं कोणती?

आधी हे समजून घ्या की लागण झालेल्या १० पैकी साधारण ७ जणांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं त्यांना बहुधा लागणीनंतर ५ ते २८ दिवसांत, पण काहींना खूप उशिरा.

बाईला अंगावरून पातळ, पिवळसर किंवा हिरवट, कधी फेसाळ स्राव जातो. त्याला उग्र वास येतो. योनीच्या तोंडाशी खाज सुटते, लाली येते, आग होते. लघवी करताना जळजळ आणि संबंधाच्या वेळी दुखणं, हेही असतं. पाळीच्या दिवसांत किंवा पाळी संपता संपता त्रास वाढलेला बऱ्याच जणींना जाणवतो. त्याला कारण आहे. निरोगी योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्लता राखतात आणि आम्लता परजीवीला मानवत नाही. पाळीच्या रक्ताने ती आम्लता उतरते, शिवाय परजीवीला लोह मिळतं.

पुरुषाला बहुतेक वेळा काहीच होत नाही. झालंच तर मूत्रमार्गात खाज, लघवीनंतर किंवा वीर्यपतनानंतर जळजळ, सकाळी थोडा पातळ स्राव. चार दिवसांत ते कमी होतं आणि माणूस विसरून जातो. परजीवी मात्र आत असू शकतो.

थोडं पांढरं तर सगळ्यांनाच जातं. मग काळजी कधी करायची?

खरं आहे. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा चिकट, पारदर्शक स्राव, पाळीआधी थोडा दुधाळ स्राव, गरोदरपणात वाढलेला स्राव हे सगळं नैसर्गिक आहे. त्याला वास नसतो, खाज नसते. त्याने ‘शरीरातली ताकद जाते’, ‘हाडं झिजतात’ हे समज चुकीचे आहेत. कंबरदुखी आणि थकवा यांची कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात, आणि रक्तातलं हिमोग्लोबिन तपासून घेतलेलं बरं.

रंग बदलला, वास आला, खाज-आग सुरू झाली किंवा संबंधानंतर रक्त दिसलं, तर तपासून घ्यायचं.

बुरशी, जिवाणू आणि ट्रायकोमोनास, फरक कसा कळतो?

बुरशीत, म्हणजे कॅन्डिडात, स्राव दह्याच्या कवड्यांसारखा घट्ट पांढरा असतो, खाज प्रचंड आणि वास जवळपास नाही. जिवाणूंचं संतुलन बिघडलं की पातळ करडा स्राव आणि मासळीसारखा वास येतो, खाज फारशी नसते. ट्रायकोमोनासमध्ये वासही असतो आणि खाज-आगही.

पण हे पुस्तकातलं चित्र झालं. प्रत्यक्षात दोन प्रकार एकत्र असतात, आणि हिरवट फेसाळ स्राव तर थोड्याच बायकांत दिसतो. योनीतली आम्लता कागदी पट्टीने मोजली आणि पीएच ४.५ च्या वर आला तर बुरशीची शक्यता कमी होते, पण उरलेल्या दोघांपैकी कोण हे पट्टी सांगत नाही. नुसत्या वर्णनावरून मेडिकलमधून बुरशीची योनीत ठेवायची गोळी आणली तर चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा सुरू होतं. त्या गोळीतल्या क्लोट्रिमॅझोल या औषधाने ट्रायकोमोनासची जळजळ थोडी शमते, मुळासकट तो जात नाही. असे तीन-चार कोर्स झालेल्या बायका वर्षभराने तपासणीला येतात.

तपासणी कशी करतात?

सगळ्यात स्वस्त आणि लगेच होणारी तपासणी म्हणजे ओली काच. योनीच्या मागच्या खोबणीतून स्वॅबने स्राव घेतात, काचपट्टीवर सलाईनच्या थेंबात मिसळतात, वर कव्हरस्लिप ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. हलणारा परजीवी दिसला की निदान पक्कं.

अडचण अशी की परजीवी हलला तरच ओळखू येतो. थांबला की पांढऱ्या पेशींच्या गर्दीत तो त्यांच्यातलाच एक वाटतो. म्हणून काच १० मिनिटांत पाहिलेली उत्तम, तासाच्या पुढे जाऊ नये. फ्रिजमधलं थंड सलाईन वापरलं किंवा नमुना दुपारपर्यंत टेबलावर पडला, तर संसर्ग असूनही रिपोर्ट ‘आढळला नाही’ असा येतो. सगळं नीट केलं तरी ही तपासणी साधारण निम्मे ते दोन तृतीयांश संसर्गच पकडते. त्यामुळे त्रास आहे आणि काच कोरी आली, तर ‘काही नाही’ असं समजून घरी जाऊ नका.

पीसीआरसारखी, परजीवीचं जनुकद्रव्य शोधणारी तपासणी कितीतरी अचूक असते, पण महाग असते आणि मोठ्या प्रयोगशाळांतच होते. पुरुषांत ओली काच फारशी उपयोगाची नाही. तिथे लघवीच्या सुरुवातीच्या धारेवर पीसीआर केलेली बरी. त्यासाठी निदान तासभर लघवी केलेली नसावी, आणि मधली नव्हे तर पहिलीच धार बाटलीत घ्यावी. नेहमीच्या लघवी तपासणीत मधली धार घ्यायला सांगतात, त्यामुळे इथे हमखास चूक होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी योनीत औषध, क्रीम, पाण्याचा फवारा काहीही नको, आणि संबंधही नको.

लघवीच्या किंवा पॅप तपासणीत अचानक ‘ट्रायकोमोनास’ लिहून आलं. आता काय?

लघवीच्या नमुन्यात हलणारा परजीवी दिसला असेल तर तो संसर्गच आहे, त्रास असो वा नसो. उपचार घ्या. पॅप तपासणी गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाच्या शोधासाठी असते. जुन्या पद्धतीच्या पॅप काचेवर ट्रायकोमोनास कधी कधी चुकून वाचला जातो, म्हणून डॉक्टर खात्रीसाठी दुसरी तपासणी सांगू शकतात.

उपचार काय आहे?

तोंडाने घ्यायच्या गोळ्या. मेट्रोनिडाझोल हे मुख्य औषध. टिनिडाझोल आणि सेकनिडाझोल त्याच कुटुंबातली.

स्त्रियांसाठी आता सात दिवसांचा कोर्स पसंत करतात. आपल्याकडे ४०० मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती सकाळ-संध्याकाळ एकेक, म्हणजे एकूण १४ गोळ्या. पूर्वी सगळ्यांनाच २ ग्रॅमचा एकच डोस देत. अमेरिकेत झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एका डोसनंतर १९ टक्के स्त्रियांमध्ये संसर्ग उरला, सात दिवसांनंतर ११ टक्क्यांमध्ये. फरक लक्षणीय आहे, म्हणून स्त्रियांना सात दिवस. पुरुषांना सहसा २ ग्रॅमचा एकच डोस देतात, म्हणजे ४०० च्या पाच गोळ्या एकाच वेळी. मात्रा तुमचे डॉक्टर ठरवतील. यकृताचा आजार, फिट्स, रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा लिथियम चालू असेल तर ते त्यांना आधी सांगा.

पोटभर जेवणानंतर गोळी घेतली की मळमळ कमी होते. तोंडाला धातूची चव येईल, लघवी गडद तांबूस होऊ शकते. दोन्हीने बिघडत नाही, कोर्स संपला की जातं. अंगावर पुरळ, हातापायाला मुंग्या किंवा चक्कर आली तर थांबून डॉक्टरांना विचारा. एखादी गोळी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दोन एकदम नकोत.

ही तर जुलाबाची गोळी! ती इथे कशी चालते?

तीच गोळी आहे, आणि मुळात ती १९६० च्या सुमारास ट्रायकोमोनाससाठीच वापरात आली. जुलाबासाठी तिचा उपयोग नंतर कळला. गोळी पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. परजीवीच्या आत ऊर्जा तयार करणारा एक खास कप्पा असतो, तिथे पोचल्यावर तिचं रूप बदलतं आणि ती परजीवीचा डीएनए तोडते. माणसाच्या पेशीत तो कप्पा नाही.

घरात उरलेल्या पाकिटातल्या चार गोळ्या घेऊन मात्र भागत नाही. अर्धवट मात्रेने त्रास दबतो, परजीवी उरतो आणि नंतरच्या तपासणीतही लवकर सापडत नाही.

योनीत ठेवायची गोळी किंवा जेल पुरत नाही का?

पुरत नाही. जेल योनीच्या अस्तरापर्यंत पोचतं, पण मूत्रमार्गात आणि बाजूच्या ग्रंथींत दडलेल्या परजीवीपर्यंत नाही. तो तिथून परत पसरतो.

मला काहीच त्रास नाही, मग मी गोळ्या का घेऊ?

हा नवऱ्यांचा प्रश्न, आणि या आजाराची खरी गाठ इथेच आहे. बायको सात दिवस गोळ्या घेते, बरी होते. आठव्या दिवशी नवऱ्याच्या मूत्रमार्गातून तोच परजीवी परत येतो. महिन्याने पुन्हा खाज, पुन्हा दवाखाना, पुन्हा ‘हिला सारखंच होतं’. औषध निकामी नव्हतं. ते अर्ध्याच ठिकाणी पोचलं होतं. उपचारानंतर तीन महिन्यांत पुन्हा लागण झालेली स्त्रियांमध्ये वारंवार आढळते, आणि तिचं मोठं कारण हेच आहे.

म्हणून दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, तपासणीत पुरुषाचा रिपोर्ट कोरा आला तरी. दोघांचा कोर्स पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध नको. एक डोस घेतला असेल तर त्यानंतर पूर्ण सात दिवस. निरोध वापरून लवकर सुरू करणं ही पळवाट ठरते, कारण निरोध झाकत नाही तिथली त्वचाही ओलसर असते. एकाहून जास्त जोडीदार असतील तर सगळ्यांना कळायला हवं.

नवऱ्याला सांगणं अवघड जात असेल तर डॉक्टरांना दोघांच्या नावाने चिठ्ठी मागा, किंवा त्याला सोबत न्या. ‘डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या सांगितल्यात’ एवढं वाक्य बहुतेक घरांत पुरतं.

म्हणजे जोडीदाराने फसवलं का?

या तपासणीवरून ते ठरत नाही. स्त्रियांमध्ये हा संसर्ग लक्षणांशिवाय महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं राहतो, पुरुषांतही काही काळ टिकतो. तो आत्ताच्या नात्यातून आला की लग्नाआधीच्या, दोघांपैकी कोणाकडून आला, हे कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. ज्याला आधी त्रास झाला त्यानेच आणला असंही नाही. रिपोर्ट हातात धरून घरात खटला चालवू नका.

गोळ्यांबरोबर दारू चालते का?

टाळा. दोन्हींची गंभीर प्रतिक्रिया होतेच असं अलीकडची माहिती सांगत नाही, पण औषधाच्या कागदावर सावधगिरीची सूचना असते आणि मळमळ-उलटी झाली तर गोळीच बाहेर पडते. कोर्स चालू असताना आणि नंतर तीन दिवस दूर राहिलं की प्रश्नच मिटतो.

गरोदरपणात हा संसर्ग धोक्याचा आहे का?

या संसर्गाबरोबर पाणमोट लवकर फुटणं, दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचं प्रमाण वाढलेलं दिसतं. त्रास असलेल्या गरोदर स्त्रीला मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने देता येतं, टिनिडाझोल टाळतात. उपचाराने त्रास थांबतो, पण लवकर प्रसूतीचा धोका त्याने कमी होतोच असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्रास नसलेल्या बाईला उपचार कधी द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा. २ ग्रॅमच्या एका डोसनंतर १२ ते २४ तास दूध पिळून टाकायला सांगतात.

याचा एचआयव्हीशी काय संबंध?

परजीवी योनीच्या अस्तराला चिकटून ते खरवडतो, तिथे सूज येते आणि पांढऱ्या पेशी गोळा होतात. एचआयव्हीला शिरायला नेमकी अशीच जागा हवी असते. ट्रायकोमोनास असताना एचआयव्हीची लागण होण्याचा धोका साधारण दीडपट होतो. म्हणून हा संसर्ग सापडला की एचआयव्ही, सिफिलिस, परमा आणि क्लॅमिडियाची तपासणीही करून घ्यावी.

पांढरं जाण्यावर गर्भपिशवी काढायला सांगितली आहे. काढावी का?

नुसत्या या तक्रारीसाठी नाही. परजीवी योनीमार्गात आणि मूत्रमार्गात राहतो. गर्भपिशवी काढली तरी दोन्ही जागच्या जागी राहतात आणि संसर्गही. सात दिवसांच्या गोळ्यांनी जे बरं होतं त्यासाठी पोट उघडायचं, कर्ज काढायचं, आणि अंडाशयंही काढली तर तिशीत पाळी जाण्याचे परिणाम आयुष्यभर सोसायचे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रिया २०१९ मध्ये चर्चेत आल्या आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ‘पिशवीला सूज आहे, उद्या कॅन्सर होईल’ ही भीती घातली जाते. असं कोणी म्हटलं तर आधी तीन गोष्टी विचारा: स्रावाची तपासणी झाली का? पॅप झाली का? नवरा-बायको दोघांना गोळ्या दिल्या का? आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

तपासणीच होत नाही हे दुखणं जुनं आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, आणि आधी कधी अंतर्तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

बरं झालं हे कसं कळणार? पुन्हा तपासणी कधी?

त्रास सहसा आठवड्याभरात जातो. तरी लैंगिक संबंध चालू असलेल्या स्त्रियांनी तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. पीसीआर तीन आठवड्यांच्या आत करू नका, मेलेल्या परजीवीचे अवशेषही ती ‘पॉझिटिव्ह’ दाखवते.

दोघांनी नीट गोळ्या घेऊनही संसर्ग उरला तर औषधाला दाद न देणारा परजीवी असू शकतो. तेव्हा डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा टिनिडाझोल देतात. पण आधी ‘दोघांनी’ हा शब्द तपासून पाहा.

पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं?

निरोध, प्रत्येक वेळी आणि सुरुवातीपासून. तो धोका खूप कमी करतो, शून्य करत नाही. तांबी, गर्भनिरोधक गोळ्या, नसबंदी यांनी गर्भ राहत नाही, संसर्ग मात्र होतो. एकदा होऊन गेला म्हणून प्रतिकारशक्ती येत नाही.

योनीच्या आत साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी किंवा सुगंधी वॉश घालू नका. त्याने संरक्षक लॅक्टोबॅसिलस धुतले जातात. बाहेरून साध्या पाण्याने धुणं पुरे.

लहान मुलीच्या तपासणीत ट्रायकोमोनास निघाला तर?

नवजात मुलीला प्रसूतीच्या वेळी आईकडून लागण होऊ शकते. त्यापुढच्या वयात हा संसर्ग निघाला तर लैंगिक अत्याचाराची शंका घेऊन तातडीने चौकशी व्हायलाच हवी. ‘टॉवेलमधून आलं असेल’ म्हणून विषय मिटवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानुसार, अशी माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

कुठे जायचं?

जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथे समुपदेशन, तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, माहिती गुप्त ठेवतात. तिथली औषधं रंगीत किटमध्ये येतात. योनीस्रावाच्या तक्रारीसाठी हिरवं किट असतं, त्यात सेकनिडाझोल २ ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम असतं. हिरवं किट मिळालं म्हणजे ट्रायकोमोनास नक्की आहे असा अर्थ नव्हे, कारण ते लक्षणांवरून, एकाहून जास्त कारणांसाठी मिळून देतात. म्हणून उठण्याआधी विचारा: ‘माझ्या नवऱ्यालाही औषध द्यायचं का?’ राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाची मोफत हेल्पलाइन १०९७ आहे. नाव न सांगता विचारता येतं.